नंदिनीच्या दहाव्याला

देवरूखहून चऱ्होलीला कुणी हौसेनं जात नाही. तिथं बघण्यासारखं काय आहे, असं परत आल्यापासून गिरणीवर दळण घेऊन येणारी प्रत्येक बाई मला विचारते. काही नाही गं, असं म्हणून मी पीठ भरून देते आणि पुढचा डबा ओढते. पण ते चार दिवस अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. पट्टा सुरू केला की घरघरीत मला तेच रस्ते दिसायला लागतात. तेव्हा एकदाचं लिहून टाकते.

माझी पिठाची गिरणी आहे. हे गेल्यापासून मीच चालवते. गिरणीवालीला गाण्यातलं काय कळणार, असं गावाला वाटतं. वाटू दे मेलं! दिवसभर घरघर ऐकलेल्या कानांना संध्याकाळी सूर लागतो, तहानेला पाणी लागतं तसा. संगीत नाटक रत्नागिरीला असो की चिपळूणला, मी दुपारीच गिरणी बंद करून एसटी पकडते.

नऊ वर्षांपूर्वी अशीच गेले होते. पिंपरी-चिंचवडच्या हौशी मंडळींचं नाटक होतं. राणीचं काम करणारी मुलगी चाकणच्या कुठल्याशा कंपनीत क्वालिटीला होती. दिवसभर गाड्यांचे सुटे भाग तपासायचे आणि सुट्टीच्या दिवशी तालमी करायच्या. पेटीनं सूर दिला, तिनं पहिला आलाप घेतला, आणि माझ्या अंगावर काटा आला. नंदिनी नाव तिचं. घरी येऊन मी तिला पत्र लिहिलं. कौतुक चार ओळींत, चुका दीड पानभर. मला गोड बोलता येत नाही, त्याला इलाज नाही. आठ दिवसांत उत्तर आलं, ‘बाई, शिव्या पोचल्या. दुसऱ्या पदात सूर चढला होता हे खरं आहे. अशाच लिहीत जा.’

मग ते सुरूच राहिलं. प्रत्येक प्रयोगानंतर माझं पत्र जायचं आणि तिचं उत्तर यायचं. समोरासमोर भेटलो असू तीनदा, तेही रंगपटाच्या दारात, घाईघाईत.

गेल्या माघात तिचा प्रयोग रत्नागिरीला झाला. तिसऱ्या अंकात तिची तान मध्येच तुटली. एकदा नाही, दोनदा. शेवटची एसटी गाठायची म्हणून मी तिला न भेटता निघाले आणि घरी येऊन रागारागानं लिहिलं, ‘श्वास पुरत नाही याचा अर्थ रियाज सोडलेला आहे. कंपनीत मन रमलं असेल तर खुशाल रमा, पण मग गाणं सोडा. अर्धवट गाऊन आमचा वेळ घेऊ नका.’

या पत्राला उत्तर आलं नाही. रुसली असेल, म्हटलं, रुसू दे. आणि चैत्र संपता संपता नाटकवाल्यांच्या ग्रुपवरून मोबाइलवर निरोप आला. नंदिनी गेली. फुप्फुसांचा आजार, दोन महिने अंथरुणावर होती. वय एकोणचाळीस.

गिरणी बंद केली. तीन दिवस घरात फोडणी घातली नाही. शेजारीण म्हणाली, “तुमच्यात कोण गेलं हो?” काय नातं सांगणार? मला एकच गोष्ट हवी होती. तिनं ते पत्र वाचलं होतं का? वाचलं असेल तर निदान तिच्या माणसांपुढे कान धरायचे. सरळ चऱ्होलीला तिच्या दारात जाण्याचं धाडस नव्हतं. दहाव्याला नदीवर गर्दी असते, तिथं मागं बसावं, अंदाज घ्यावा, मग कुणाला तरी विचारावं, असं ठरवून मी बोटांवर दहा दिवस मोजले आणि बॅग भरली.

सांगवी

सांगवीत माझी भाची शुभा राहते. मुळा नदीच्या अलीकडे ती आणि पलीकडे औंध. तिच्या गॅलरीतून पूल दिसतो. त्या पुलावरची माणसं मी संध्याकाळी तासभर बघत बसले. दुचाकींची रांग वाहतच होती. सगळ्यांच्या पाठीवर बॅगा, सगळ्यांची तोंडं रुमालांनी बांधलेली. आमच्याकडे माणूस ओळखीचा नसला तर लांबून चालीवरून तरी कळतो. इथं हजार माणसं गेली आणि मला एकाचाही चेहरा दिसला नाही. त्यातली कुठली तरी एक नंदिनी असेल असं उगीच वाटत राहिलं. हेल्मेटच्या आत गुणगुणत चाललेली.

“मावशी, तू जेव आधी,” शुभानं मटकीची उसळ आणि बाजरीची भाकरी वाढली. “आणि त्यांच्याकडे कुणी विचारलं की तू कोण, तर काय सांगणार आहेस?”

“बघेन,” म्हटलं.

“बघेन काय? इकडे दहाव्याला नेते येतात, भाषणं होतात, नावं पुकारतात. कुणी माइक पुढं केला म्हणजे?”

मी भाकरीचा घास तसाच गिळला. दहाव्याला भाषणं? आमच्याकडे चार पुरुष आणि भटजी नदीवर जातात आणि बायका घरी वाट बघतात. शुभानं नवऱ्याला विचारून सांगितलं, चऱ्होलीकडची माणसं बहुतेक आळंदीला इंद्रायणीवरच करतात, सकाळी आठपर्यंत पोच.

आळंदी, घाटावर

सकाळच्या बसमध्ये मला डुलकी लागली. झोप नव्हती ती, जागही नव्हती. खिडकीतून बंद पडलेलं वर्कशॉप, मग मंगल कार्यालय, मग उसाचा तुकडा, मग चौदा मजल्यांच्या इमारती, असं काय काय येत होतं आणि इंजिनाच्या आवाजात मला तिचा षड्ज ऐकू येत होता. अगदी स्पष्ट. कंडक्टरनं “आजी, आळंदी!” म्हणून ओरडून उठवलं तेव्हा मी चक्क त्याच्यावर चिडले.

नदीवर पांढरा फेस तरंगत होता. वारं आलं की त्याचे पुंजके सुटायचे आणि पायऱ्यांवर येऊन बसायचे. धुपाचा वास, ओल्या धोतरांचा वास. गंध लावलेली पोरं पोथ्या बगलेत मारून चालली होती. घाटावर एक नाही, तीन-चार दहावे एकाच वेळी चाललेले. प्रत्येकाचा वेगळा मांडव, वेगळ्या खुर्च्या, वेगळा माइक. एकाचं प्रवचन दुसऱ्यात मिसळत होतं. मी गोंधळून उभी राहिले. मग एका मांडवात पुढं पेटी ठेवलेली दिसली. पेटीवर हार घातलेला. दुसऱ्या कुणाच्या दहाव्याला पेटीला हार घालतील? मी मागच्या बाजूनं शिरले आणि बायकांत सतरंजीवर बसले.

प्रवचनकार बोलत होते, “या कंठानं आयुष्यभर देवाचं नाव गायलं. आज तो कंठ गप्प झाला.” एवढं ऐकलं मात्र आणि मला जे रडू फुटलं ते आवरेना. गेले दहा दिवस मी रडले नव्हते. तोंडात पदर कोंबला तरी हुंदके बाहेर येत होते. शेजारच्या नऊवारीतल्या म्हातारीनं माझा हात घट्ट धरला. हौसाबाई असं तिचं नाव, ते नंतर कळलं.

“तुमी कुणाकडच्या?” तिनं हळूच विचारलं.

“गाण्याकडची. कोकणातून आले,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

तिनं समजल्यासारखी मान हलवली. पुढं जाऊन कुणाच्या तरी कानात सांगितलंन सुद्धा. माइकवरून पुकारा झाला, “भजनाच्या निमित्तानं कोकणातून आलेल्या एक ताई दोन शब्द बोलतील.” पाचावर धारण बसली माझी! नको नको म्हणेपर्यंत दोघींनी मला उभं केलं. मी एवढंच बोलले की असा आवाज पुन्हा ऐकायला मिळणार नाही आणि त्या आवाजाला मी एकदा फार वाईट बोलले, त्याची मला लाज वाटते. खाली बसले तर सगळ्या बायका डोळे पुसत होत्या.

चहा आला तेव्हा मी पहिल्यांदा मांडवाच्या दर्शनी बाजूला गेले. तिथं भला मोठा फ्लेक्स. भावपूर्ण श्रद्धांजली. आणि वर फेटा बांधलेले, मिशाळ, ऐंशीच्या पुढचे एक आजोबा.

कर्म माझं! मी कप खाली ठेवला आणि हौसाबाईंना सगळं सांगून टाकलं. वाटलं आता ही मला नदीत ढकलणार.

“म्हंजी तुमी आमच्या दादाला वळखत बी न्हाई?”

“नाही हो.”

“आन एवढ्या रडलात व्हय? अवं त्याच्या सुना बी एवढ्या रडल्या न्हाईत!” आणि पदरात तोंड घालून ती खुदुखुदू हसायला लागली. सख्ख्या भावाच्या दहाव्याला. मलाही हसू आलं. आम्ही दोघी म्हाताऱ्या त्या फ्लेक्सखाली हसत होतो आणि लोक बघत होते.

मग तिनं डोळे पुसून विचारलं, “तुमची बाई कंपनीतली व्हती ना? नवराबी कंपनीत? मंग आज कसला दहावा? त्यांचं पाचव्या दिशीच उरकलं आसंल. फ्लॅटमदली माणसं आता पाचव्यालाच करत्यात. कंपनी रजा दिती का दहा दिस?”

मला हे सुचलंच नव्हतं. आमच्याकडे दहावा म्हणजे दहावा. मी दहा दिवस मोजत बसले होते तेव्हा इथं सगळं होऊन गेलं होतं, भांडी घासून झाली होती आणि तिचा नवरा कामावर गेला होता. गर्दीत मागं बसण्याची सोयच उरली नाही. आता दारात जाऊन बेल वाजवायची किंवा देवरूखची एसटी पकडायची, दोनच वाटा. हौसाबाई म्हणाली, “जावा की. खात्यात का काय तुमाला?”

मी हो म्हटलं. आणि चऱ्होलीच्या रिक्षात न बसता चाकणच्या रिक्षात बसले. भित्रेपणा, दुसरं काही नाही.

चाकण

तिच्या कंपनीचं नाव मला पत्रांवरून ठाऊक होतं. शेअर रिक्षात माझ्या मांडीवर एका अनोळखी बाईची भाजीची पिशवी होती आणि समोर ट्रकांची रांग, संपतच नव्हती. कांद्याच्या बाजाराचा उग्र गोड वास आला, मग रबर जळल्यासारखा, मग परत कांद्याचा. रस्त्याकडेला एका मोकळ्या रानात नव्या कोऱ्या गाड्या उभ्या होत्या. शेकडो. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. माणूस एकही नाही. उन्हात ते सगळं थरथरत होतं. त्या गाड्यांतल्या कुठल्या तरी भागावरून नंदिनीचं बोट फिरलेलं असणार, या विचारानं मला त्या निर्जीव गाड्यांची माया वाटायला लागली. उन्हाचा परिणाम असेल.

रिक्षावाल्यानं मला भलत्याच फाटकाशी सोडलं. तिथून चालत निघाले तर चपलेचा अंगठा तुटला. पाय ओढत कंपनीसमोरच्या टपरीवर पोचले. टपरी चालवणारी बाई गावातलीच, पन्नाशीची. तिनं आधी चपलेला सुतळी बांधून दिली, मग तर्रीदार मिसळ पुढं ठेवली. आमच्या नारळाच्या जेवणावर पोसलेल्या जिभेला तो रस्सा म्हणजे शिक्षाच. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती हसत होती.

“इथं एक गाणाऱ्या मॅडम होत्या का हो?” मी पाव चावत विचारलं. “क्वालिटीतल्या?”

तिचं हसू थांबलं. “नंदा मॅडम. व्हय. तुमी कोण त्यांच्या?”

“ओळखीची.”

“लई गोड बाई. बसमधनं लवकर उतरायची आन त्या पडीक रानात जाऊन गायची. घरी म्हनं शेजारचे भिताड वाजवत्यात. रोज अर्धा तास. आमी गिऱ्हाइकं सोडून ऐकत बसायचो.” तिनं दोन कंपाउंडांच्या मधल्या, बाभळी माजलेल्या तुकड्याकडे बोट दाखवलं. “दिवाळीपासनं मातर दम लागायचा तिला. गाता गाता मधीच त्या दगडावर बसायची, पानी प्यायची आन परत हुभी ऱ्हायची. म्या म्हनायची, मॅडम, ऱ्हावू द्या की आज. तर म्हनायची, कोकणात प्रयोग हाय, तिथं एक बाई लई बारीक ऐकती.”

मिसळीची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. रियाज सोडलेला आहे, असं मी लिहिलं होतं. माझ्यासाठी ती त्या दगडावर बसून श्वास गोळा करत होती आणि मी लिहिलं होतं, आमचा वेळ घेऊ नका. मला स्वतःची किळस आली. तीन वाजता फाटक उघडलं, शिफ्ट सुटली. निळे कोट घातलेल्या मुली बाहेर आल्या, बसमध्ये चढल्या, बस गेल्या. रस्ता पुन्हा रिकामा झाला. मी त्या दगडावर जाऊन बसले. पलीकडे कुठलं तरी यंत्र एकाच लयीत ठोके देत होतं. किती वेळ बसले कुणास ठाऊक. टपरीवाली हाका मारत आली तेव्हा ऊन उतरलं होतं.

चऱ्होली

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी कुठंही वळले नाही. चऱ्होलीत अजून गोठे आहेत, शेणाच्या गोवऱ्या आहेत आणि त्यांच्या लगेच मागं बारा-बारा मजले. एक म्हैस सोसायटीच्या शोभेच्या कारंजापाशी पाणी पीत होती आणि वॉचमन तिला काठी दाखवत होता. मी आधी चुकीच्या इमारतीत जाऊन एका परक्या बाईला झोपेतून उठवलं, तिची बोलणी खाल्ली आणि मग बरोबर दारापाशी पोचले. पाटीवर दोघांची नावं होती. तिचं वर.

दार तिच्या नवऱ्यानं उघडलं. बालाजी. लातूरकडचा, सावळा, दाढी वाढलेली, हात पिठाचे. मी नाव सांगायच्या आत म्हणाला, “देवरूखच्या मावशी का?”

मी मान हलवली.

“पीठ झटकल्यासारखं बोलता म्हणायची ती, दिसता कशा तेबी सांगायची. दारात गप उभ्या राहिलात, तरी ओळखलं. या की. बसा.”

त्याची दुसरी पाळी होती, तीनला निघायचं होतं. डब्यासाठी पोळ्या चालल्या होत्या. टीव्हीच्या फळीवर तिचा फोटो, राणीच्या वेषातला. कपाळावर चंद्रकोर, गळ्यात खोटे मोती आणि वर खरा हार. बालाजीनं चहा दिला. मग आतून एक पिशवी आणली. माझी सगळी पत्रं होती, नऊ वर्षांची, तारखेवार लावलेली. मी एक-एक पाहत शेवटापर्यंत गेले. माघातलं पत्र त्यांत नव्हतं.

“बालाजी,” मी म्हटलं, “माझं शेवटचं पत्र आलं होतं का? तिनं ते वाचलं का?”

तो उठला. भिंतीला टांगलेली त्याची कंपनीची बॅग काढली, आतल्या कप्प्यातून पाकीट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

“मी दिलं नाही तिला,” तो म्हणाला. “त्या प्रयोगावरून आली अन् तिसऱ्या दिवशी दवाखान्यात भरती केली. मग हे आलं. मी फोडलं, वाचलं. डोकंच फिरलं माझं. नाकाला नळी लावलेल्या बाईला असं लिहितेत का? तुमचा लई राग आला मला मावशी. खोटं कशाला बोलू.”

जिवात जीव आला माझ्या. खरंच सांगते, पहिली भावना तीच होती. वाचलं नाही! तिनं ते वाचलं नाही!

“चांगलं केलंत,” मी म्हटलं. “फार चांगलं केलंत.”

“नाही ना,” बालाजी म्हणाला. “ऐका तर. ती रोज विचारायलती. देवरूखचं काही आलं का हो? मी म्हणायलतो, नाही. घरी आणल्यावर तेच. पोस्टमन आला का? नाही. शेवटी शेवटी बोलायला दम पुरेना, तर बोटानंच दाराकडं दाखवायची. एक दिवस म्हणली, बाई काही लिहीत नाहीत आता. तिसरा अंक मी घाण केला, म्हणून उठून गेल्या. शिवी देण्याच्या लायकीचीबी राहिले नाही मी.”

मला बसल्या जागी तोंडात मारल्यासारखं झालं. तव्यावरची पोळी जळायला लागली होती आणि आम्ही दोघंही उठलो नाही.

“पत्र तवाच द्यायला पाहिजे होतं,” तो म्हणाला. “बॅगेतच होतं. रोज कामावर घेऊन जायचो अन् रोज आणायचो. आता देऊ, उद्या देऊ. भ्या वाटायचं. मी चुकलो का मावशी?”

त्याला दोन शब्द धीराचे सांगावेत, एवढं मला कळत होतं. पण गोड खोटं माझ्या तोंडातून निघत नाही, आणि त्या घरात तर निघणारच नव्हतं.

“चुकलात,” मी म्हटलं. “आणि तुमच्याआधी मी चुकले.”

त्यानं मान हलवली. उठून गॅस बंद केला. जळकी पोळी बाजूला ठेवली आणि हात धुऊन परत आला, फोटोजवळ जमिनीवर मांडी घालून बसला. “तुमचं पत्र आलं की ती मला मोठ्यानं वाचून दाखवायची. मी पोळ्या लाटायचो, ती वाचायची. तुमची नक्कल करून. हे तुम्ही वाचा आता. तिला ऐकू द्या.”

“हे? हे नको रे.”

“हेच. काही गाळू नका.”

मी चष्मा लावला. माझंच अक्षर, पण अनोळखी वाटत होतं. वाचायला लागले. रियाजाचं वाक्य आलं. थांबले. बालाजीनं वर पाहिलं नाही, म्हणून पुढं वाचलं. अर्धवट गाऊन आमचा वेळ घेऊ नका. तेही वाचलं, सगळं, जसं होतं तसं. फोटोकडे बघत वाचलं. आणि त्याखाली एक परिच्छेद होता, जो मी लिहिल्याचं साफ विसरून गेले होते. दुसऱ्या अंकातल्या भीमपलासाबद्दल. तो ऐकताना घर, गिरणी, गेलेला नवरा, सगळ्याचा मला विसर पडला आणि मी आहे की नाही तेही कळेना, असं मी लिहिलं होतं. असा सूर नऊ वर्षांत तुम्ही लावला नव्हता, असंही लिहिलं होतं.

बालाजी दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता. हा परिच्छेद त्यानंही तेव्हा वाचला असणार. रागात माणसाला असलं दिसत नाही.

आता एकच ओळ राहिली होती. प्रत्येक पत्राच्या शेवटी मी तिला एक धमकी द्यायची, तीच. ती मात्र मला वाचता येईना. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. बालाजीनं हात पुढं केला, कागद घेतला, नाक पुसलं आणि फोटोकडे वळून हळूहळू, शाळेतल्यासारखं एक-एक शब्द लावत वाचलं, “आठ दिवसांत उत्तर आलं नाही, तर तुमच्या पुढच्या प्रयोगाला मी येणार नाही.”